घरी जोडलेला रास्पबेरी पायचा लॅपटॉप, आठ महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगून टाकतो, स्वस्तात लॅपटॉप पाहिजे म्हणून कोणी हे करायला जात असेल तर नका करू भाऊ. तेवढ्या पैशात जळगावला गोलाणी मार्केटला जुना पण धड लॅपटॉप मिळून जातो, वर बॅग फुकट. मला हे प्रकरण १३,९०० ला पडलं. रास्पबेरी पाय ४ (एकाच बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसतं पाय म्हणतो) चा ४ जीबीवाला बोर्ड ५,६००, सात इंची एचडीएमआय स्क्रीन ३,९००, २०,००० एमएएचची पॉवर बँक १,७००, छोटा कीबोर्ड ६५०, मेमरी कार्ड ५५०, मिस्तरीने बनवलेली पेटी ९०० आणि वायरी, पंखा, किडूकमिडूक मिळून ६००. सगळ्यात जास्त रडवलं ते या शेवटच्या ६०० ने.

मग केलं कशाला? तर शेतासाठी. अमळनेरपासून थोडं बाहेर आमचं कपाशीचं रान आहे, पंपाची लाईट कधी दिवसा कधी रात्री, रात्रीची पाळी असली की खोलीत जाऊन बसायचं आणि मोबाईल बघत डोळे फोडायचे. तिथे बसून हिशेब लिहिता यावा, थोडं पायथॉन प्रोग्रामिंग शिकता यावं, आणि वस्तू अशी पाहिजे की धुळीत पडली तरी जीव जायला नको. घरचा लॅपटॉप तिकडे न्यायला आमच्या हिची परवानगी नाही, विषय संपला.

बोर्ड म्हणजे पत्त्यांच्या कॅटाएवढा, त्याच्यावर अख्खा कॉम्प्युटर. पाय ४ हा २०१९ चा माल, २०२३ ला पाय ५ आला, तो बराच फास्ट आहे, तरी मी मुद्दाम जुना घेतला. कारण ५ ला पूर्ण ताकदीने चालवायचं तर ५ व्होल्टवर ५ अँपिअर देणारा चार्जर लागतो आणि आपल्या साध्या पॉवर बँका ५ व्होल्टवर तीनच्या पुढे जात नाहीत. ४ चं तीनमध्ये भागतं. शिवाय ४ ला हेडफोनचं छिद्र आहे, ५ ला काढून टाकलं.

जोडायचं काम तसं काहीच नाही, खरं सांगतो. कार्डवर ओएस (विंडोजसारखी सिस्टीम) टाकायची, कार्ड खोचायचं, स्क्रीन लावायची, झालं. मी तिथेही माती खाल्लीच. बोर्डाला मायक्रो एचडीएमआय लागते आणि मी मिनीची पिन घेऊन आलो, ती पाय झिरो नावाच्या छोट्या बोर्डाला लागते, दोन्ही शेजारी ठेवल्या तरी घाईत फरक कळत नाही. परत रेल्वेने जळगाव. आणि बोर्डावर अशी दोन छिद्रं आहेत, त्यातलं चार्जरच्या बाजूचं वापरा.

आता पॉवर बँकेपासून बोर्डापर्यंतच्या वायरीचं. पहिले पंधरा दिवस मशीन चालू तर व्हायचं पण जरा काही उघडलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह चमकायचं आणि सगळं गोगलगाय. कधी मधेच रिस्टार्ट. मी म्हटलं बोर्डच खराब दिला. ओएस तीनदा टाकली, कार्ड बदललं, पॉवर बँक शेजाऱ्याची आणून पाहिली. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एक कमांड असते, व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड, ती मारली की झिरो एक्स ५०००५ असा आकडा यायचा. त्याचा अर्थ, आत्ता या क्षणाला व्होल्टेज कमी आहे, म्हणून स्पीड पाडलाय, आणि याच्या आधी पण हेच झालंय. म्हणजे मशीन स्वतःच्या तोंडाने सांगून राहिलं होतं आणि मी ओएस टाकत बसलो होतो.

शेवटी पकडलं आमच्या आप्पांनी. ते ओट्यावर बसून माझी गंमत बघत होते, उठले, वायर हातात धरली, बोटाने चिमटून पाहिली आणि म्हणे, "वायर बारीक शे रे तुनी." बस. ज्या माणसाने आयुष्यभर विहिरीवर मोटर चालवली त्याला हे पाठ असतं, लांबून बारीक केबल टाकली की मोटर नुसती हुं हुं करते, उचलत नाही. इथे पण तेच. स्क्रीन आणि बोर्ड मिळून दोन अँपिअर ओढत असतील आणि वायरीचा रेझिस्टन्स नुसता पाव ओहम असेल तर अर्धा व्होल्ट वायरीतच जिरतो, ५ चे साडेचार पोचतात, आणि पाय तर ४.६३ च्या खाली गेलं की लगेच बोंब मारतो. दुकानदाराने ती वायर "फास्ट चार्जिंगची आहे" म्हणून गळ्यात मारली होती, १२० रुपयाला. दुसरी जाड, आखूड, फूटभर लांबीची घेतली, स्क्रीनची वायर बोर्डातून काढून सरळ पॉवर बँकेच्या दुसऱ्या पोर्टला लावली, आणि तेव्हापासून ती पिवळी वीज मी पाहिलेली नाही. डिप्लोमा माझ्याकडे आहे बरं, आप्पांकडे नाही.

पेटीसाठी मिस्तरीकडे गेलो तर त्याचा पहिला प्रश्न, "ताटाएवढं करायचं का पोळपाटाएवढं?" पोळपाटाएवढं ठरलं. सहा एमएमची प्लाय, वरून कोणाच्या तरी किचन ट्रॉलीची उरलेली मरून सनमायका, आणि मागे पियानो बिजागरी. दिसायला हार्मोनियमचं पिल्लू दिसतं. बसमध्ये उघडली की शेजारचा विचारतोच, हाई काय शे भाऊ? वजन सगळं मिळून दोन किलोच्या आत. १९८१ च्या ऑस्बोर्न वन नावाच्या पोर्टेबल कॉम्प्युटरचं वजन अकरा किलो होतं, स्क्रीन पाच इंची आणि बॅटरी नाहीच, तेव्हा मी मजेत आहे. (आणि अमळनेरमध्ये कॉम्प्युटर बनवतो म्हटल्यावर हसणाऱ्यांसाठी, विप्रो पण इथूनच सुरू झाली होती, १९४५ ला, वनस्पती तुपापासून.)

पण लाकूड हवा धरून ठेवतं, हे मे महिन्यात कळलं. आपल्याकडे मे मध्ये ४४ म्हणजे बातमी पण नसते, त्यात शेतातल्या खोलीला पत्रा. पाय ८० डिग्रीला पोचला की स्वतःहून स्पीड कमी करतो, आणि माझी पेटी बंद असली की दुपारी काही न करता ७९-८० दाखवायची. मग मिस्तरीने दोन्ही बाजूंना ड्रिलने जाळी पाडून दिली, मी ३० एमएमचा पाच व्होल्टचा पंखा ४ आणि ६ नंबरच्या पिनवर टाकला, ॲल्युमिनियमचा हीटसिंक (गरमी ओढून घेणारा तुकडा) चिकटवला, आकडा ६३-६५ वर आला. पंख्याचा आवाज रात्री किर्र लागतो पण रातकिडे जास्त किर्र करतात, चालून जातं. धूळ मात्र आता जाळीतून आत येते, दर महिन्याला जुन्या टूथब्रशने झाडावं लागतं.

बॅटरीचा हिशेब नीट समजून घ्या कारण इथे सगळे फसतात. डब्यावरचे २०,००० एमएएच हे आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचे असतात, म्हणजे ७४ वॅट-अवर. त्याचे ५ व्होल्ट करताना काही जातात. माझं मशीन स्क्रीनसकट सात-आठ वॅट खातं, मला साडेसहा तास मिळतात. सुट्ट्या १८६५० नंबरच्या गोल लिथियम सेलच्या नादाला मी लागलो नाही. बाजारात त्याच्यावर ९,८०० एमएएच छापून विकतात, त्या साइजच्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारच्या आसपास असतात, लेबल छापायला काय जातं.

पॉवर बँकेची खरी खोड वेगळीच आहे. चार्जिंग चालू असताना मशीन वापरलं आणि लाईट गेली की ती क्षणभर आउटपुट तोडते, आणि पाय रिस्टार्ट. आपल्याकडे लाईट किती वेळा जाते ते मी सांगायला नको. असंच एकदा कपाशी वेचणीच्या मजुरीचा आठ दिवसांचा हिशेब, नावासकट, सेव्ह न करता गेला, आणि मी वेचणीवाल्या बायांसमोर वही घेऊन परत विचारत बसलो, कोण किती किलो. त्यांनी प्रामाणिक सांगितलं, एका आजींनी तर स्वतःचे दोन किलो कमीच लिहायला लावले. आता मी चार्जिंगला लावलं की मशीन बंदच ठेवतो, आणि बंद करताना पण नीट शटडाउन, कारण वायर उपटली की कधीतरी कार्डवरचा डेटा खराब होतो.

अजून एक, पाय ४ ला स्वतःचं घड्याळ नाही. शेतात नेट नसलं की तारीख मागच्या वेळची धरून बसतो, हिशेबाच्या फायलींवर भलत्याच तारखा. डीएस ३२३१ नावाचं घड्याळाचं छोटं मॉड्यूल येतं नाणेसेलवालं, ते पिनांवर बसवलं, आता बरोबर चालून राहिलंय. मोबाईलचा हॉटस्पॉट दिला तरी वेळ सुधारते, पण रात्री दोनला कोण देतो.

मराठी झकास. आधी नुसते चौकोन दिसत होते, लोहित फॉन्ट टाकला, कीबोर्डमध्ये मराठी फोनेटिक निवडलं, झालं. हे सगळं मी त्याच्यावरच टाइप करतोय. कॅल्क (एक्सेलसारखं) जरा सावकाश उघडतं पण चालतं. ब्राउझरमध्ये चार-पाच टॅब झाले की बैलगाडी. सात इंचावर १०२४ बाय ६०० म्हणजे अक्षर बारीक, चाळिशी लागलेल्यांनी दहा इंचीच घ्या, मी आता चष्मा लावून बसतो. माझी पोरगी त्याच्यावर स्क्रॅच या पोरांच्या प्रोग्रामिंगमध्ये मांजर पळवते आणि तिच्या मते हा घरातला सगळ्यात भारी कॉम्प्युटर आहे, कारण तिला तो स्क्रू काढून आतून बघता येतो.

मी पाचपैकी साडेतीन देईन. एक गेला पॉवर बँकेच्या त्या खोडीचा, अर्धा बिजागरीचा, ती सैल झालीय आणि स्क्रीन आता स्वतःहून मागे झोपते, मी पाठीमागे पाण्याची बाटली लावून ठेवतो. मिस्तरी म्हणतो दिवाळीनंतर ये.