द्राक्षबागेच्या नोंदी: विकाव्यात, परवान्यावर द्याव्यात की नुसत्या वापरू द्याव्यात?

दिंडोरी-निफाडकडच्या एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीकडे पाच-सहा हंगामांच्या नोंदी साठतात: छाटणीची तारीख, फवारण्या, देठ परीक्षण (पानाच्या देठातल्या अन्नद्रव्यांची तपासणी), हवामान केंद्रावरची आर्द्रता आणि पानांचा ओलावा, एकरी माल. मग औषधवाला, विमावाला किंवा अ‍ॅपवाला विचारतो, ‘हा डेटा केवढ्याला द्याल?’

भाव ठरवण्याआधी आपण देतोय काय ते बघा. जमीन सातबाऱ्यावर नावाला लागते, तसा डेटा कुणाच्या नावाला लागत नाही. भारतात नुसत्या माहितीवर मालकी देणारा कायदा नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणकीय डेटाबेसला साहित्यकृतीत धरतो खरा, पण संरक्षण मिळतं ते निवडीला आणि मांडणीला. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये ठरवलं की केवळ मेहनत पुरेशी नाही, थोडी तरी सर्जकता लागते. छाटणी १० ऑक्टोबरला आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी २८ ला, ही नोंद त्यात बसत नाही. युरोपात डेटाबेस उभारणीच्या गुंतवणुकीलाच १५ वर्षांचं वेगळं संरक्षण आहे. आपली द्राक्षं तिकडे पोचतात, ते संरक्षण मात्र आपल्यापर्यंत पोचत नाही. आपल्या हातात उरतात दोनच गोष्टी, पासवर्ड आणि करार. कुणी परवानगीशिवाय संगणकातून डेटा उतरवला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली भरपाई मागता येते. फाइल आपणच दिली असेल तर पुढचा भांडणतंटा करारातल्या शब्दांवरच.

कायमची विक्री

पैसे एकरकमी, कटकट एकदाच. पण ‘सर्व मालकी हक्क’ लिहून दिले की पुढच्या वर्षी तोच डेटा आपल्याच सभासदांच्या सल्ल्यासाठी वापरता येईल का, याचं उत्तर खरेदीदाराकडे जातं. दुसरा खड्डा हवामान केंद्राचा. केंद्र पुरवणाऱ्याच्या सर्व्हरवर त्याच नोंदींची प्रत असते आणि त्याच्या अटींनुसार ती त्याला वापरता येत असेल, तर ‘हा डेटा फक्त तुम्हालाच’ हे वचन सहीच्या दिवशीच मोडलेलं असतं. विक्री शोभते ती जुन्या, बंद पडलेल्या केंद्रांच्या नोंदींना.

मुदतीचा परवाना

बहुतेकांना हाच परवडतो: एका हंगामापुरता, अनन्य नसलेला (म्हणजे इतरांनाही देता येईल असा), ठरलेल्या कामासाठी. मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. कॉपीराइटचा भाग जिथे येतो तिथे मुदत न लिहिल्यास कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश न लिहिल्यास संपूर्ण भारत. सगळ्यात महागात पडते ती न लिहिलेली ओळ: डेटावरून शिकवून तयार केलेल्या मॉडेलचं, म्हणजे अंदाज वर्तवणाऱ्या संगणक प्रणालीचं काय? मुदत संपल्यावर फाइल पुसता येते, मॉडेल जे शिकलं ते सहज काढता येत नाही. म्हणून एकतर मॉडेल बनवायला मनाई करा, नाहीतर त्याची वेगळी रक्कम आधीच घ्या. अचूकतेची हमी देऊ नका, ‘आहे तसा’ लिहा. फवारणीच्या औषधाचा थर बसलेला ओलाव्याचा सेन्सर बिनदिक्कत खोटं सांगतो. प्रत्येक खरेदीदाराच्या फाइलमध्ये खुणेच्या चार-पाच बनावट नोंदी वेगवेगळ्या टाका आणि तसं करारात नमूद करा. फुटला तर कुणाकडून फुटला ते कळतं.

फाइल न देता उत्तरं देणं

डेटा आपल्या संगणकावरच राहतो, खरेदीदाराचा प्रश्न येतो, निकाल तेवढा बाहेर जातो. नियंत्रण सगळ्यात जास्त, पण त्यासाठी पगारी माणूस लागतो आणि छाटणीच्या धांदलीत तोच माणूस बागेत असतो. तीन-चार नियमित गिऱ्हाइकं असल्याशिवाय हे झेपत नाही.

वाट कुठलीही असो, सभासदांची संमती हा अडथळा आधी पार करावा लागतो. नाव, मोबाइल, गट क्रमांक यांना जोडलेली डिजिटल नोंद ही वैयक्तिक माहिती आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. सुरक्षेत कसूर केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. सल्ल्यासाठी घेतलेली संमती विक्रीला चालत नाही. नव्या कामासाठी नवी, तीही मराठीत वाचायची सोय देऊन.

नावं काढली म्हणजे काम झालं असं समजू नका. गट क्रमांक राहिला तर महाभूलेखवर सातबारा उघडून खातेदार दोन मिनिटांत सापडतो. अक्षांश-रेखांश दशांशानंतर चार अंकी ठेवले तर जागा सुमारे ११ मीटरपर्यंत कळते, दोन अंकी ठेवले तर किलोमीटरभर. रोगाच्या अंदाजाला दोन अंक पुष्कळ होतात. ज्या गावात एखादा वाण दोघा-तिघांकडेच आहे, त्या गावाच्या नोंदी तालुक्यात मिसळा.

सही करण्याआधी संचालक मंडळाचा ठराव करून घ्या. शंभराचा स्टॅम्प आता चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात त्या जागी पाचशेचा लागतो. मोठ्या रकमेच्या करारावर शुल्क रकमेप्रमाणे पडतं का, ते वकिलाला त्याच बैठकीत विचारून घ्या.