घरात हॅन्ड-फूट-माउथ आलाय: साबण, सॅनिटायझर, फिनाईल की ब्लीच?

थोरलीच्या तोंडात फोड आले तेव्हा धाकटा आठ महिन्यांचा होता. वरण-भाताचा पहिलाच घास तिनं थुंकून टाकला, जीभ धरून रडायला लागली, आणि संध्याकाळपर्यंत तळहातांवर, तळपायांवर लाल पुरळ. घरातल्या सगळ्यांना वाटलं कांजिण्याच. डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, हॅन्ड-फूट-माउथ. याच्यावर वेगळं औषध नाही, ताप उतरवायचं द्या, गार दूध, पेज, जे घशाखाली उतरेल ते देत राहा आणि लघवी होतेय ना याच्याकडे लक्ष ठेवा. धाकट्यासाठी काय करू विचारलं तर म्हणाले, "स्वच्छता ठेवा."

मी येताना मेडिकलमधून सॅनिटायझरच्या तीन बाटल्या आणि वाण्याकडून फिनाईलचा कॅन आणला. घर दिवसभर घमघमत होतं. पाचव्या दिवशी धाकट्याला ताप आला. सॅनिटायझर आणि फिनाईल नसते, दुसरं काही वापरलं असतं, तर त्याला लागण नक्की टळली असती असं मी म्हणणार नाही, कारण दोन भावंडं एका अंथरुणात झोपतात तिथं काहीच नक्की नसतं. पण मी पैसे आणि जीव चुकीच्या जागी घातला हे नंतर कळलं. आज कुणी त्याच वळणावर उभं असेल तर त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट समजून घेतली की पुढची निवड सोपी होते. मुलांना होणाऱ्या विषाणूंचे सफाईच्या दृष्टीनं दोन गट पडतात. फ्लू, आरएसव्ही (तान्ह्या बाळांची छाती भरवणारा विषाणू), कोरोना यांच्या अंगावर चरबीचं पातळ आवरण असतं. तुपाची वाटी साबणानं घासली की तूप जसं सुटतं, तसं ते आवरण साबणानं सुटतं, अल्कोहोलनंही फाटतं, आणि विषाणू संपतो. हॅन्ड-फूट-माउथ घडवणारे कॉक्सॅकी आणि एन्टेरोव्हायरस 71, जुलाब-उलट्यांचे रोटा आणि नोरो, डोळे आणणारा अ‍ॅडिनो, यांच्यावर ते आवरण नसतंच. प्रथिनांचं टणक कवच असतं. हे विषाणू चिवट आहेत. दाराच्या कडीवर, खेळण्यावर बराच काळ तग धरतात. 2022 मध्ये केरळात कोल्लमकडे 'टोमॅटो फ्लू' म्हणून जो गाजला, तोही पुढे हॅन्ड-फूट-माउथचाच प्रकार निघाला. नावात फ्लू असला तरी हा फ्लूच्या गटातला नाही.

आता साबण की सॅनिटायझर. या आजारात साबण, आणि याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. साबण या टणक विषाणूला मारत नाही, पण कातडीवरून सोडवतो आणि वाहतं पाणी त्याला मोरीत घेऊन जातं. सॅनिटायझरमध्ये वाहून जाणं नाही. जे आहे ते हातावरच पसरतं, आणि नेहमीच्या अल्कोहोलला हे विषाणू नीट दाद देत नाहीत. हाताला शी किंवा लाळ लागलेली असेल तर आणखीच कमी. सॅनिटायझर प्रवासात, दवाखान्याच्या रांगेत, फ्लूच्या साथीत जरूर ठेवा. लंगोट बदलल्यावर मात्र बेसिनपर्यंत जाच.

साबण कुठला? जो घरात आहे तो. 'जंतुनाशक' लिहिलेल्या महागड्या वडीसाठी वेगळे पैसे मोडू नका. कराचीच्या वस्त्यांमध्ये घरोघरी साबण देऊन, आठवड्याला भेटी देऊन एक मोठा अभ्यास झाला, 2005 मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. साबणानं हात धुणाऱ्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया निम्म्यावर आला, पंधरा वर्षांखालच्या मुलांचे जुलाबही निम्म्याहून कमी झाले. आणि साधा साबण व जंतुनाशक साबण यांत फरक दिसला नाही. फरक पडतो तो वेळेनं. किमान 20 सेकंद, अंगठा, बोटांच्या बेचक्या आणि नखांखाली. आणि हात पुसायला प्रत्येकाचा पंचा वेगळा. आमच्याकडे बेसिनपाशी एकच नॅपकिन सगळ्यांना होता.

दुसरी निवड लादीची आणि खेळण्यांची: फिनाईल, दुधाळ अँटिसेप्टिक की ब्लीच. आमच्याकडे लादी पुसायला येणाऱ्या मावशींना मी ब्लीचचं पाणी दिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, याला तर फिनाईलसारखा वासच नाही, मग जंतू मरतात कसे?" आपल्या सगळ्यांचीच खात्री नाकावर बसलेली असते. पण वास वेगळा, काम वेगळं. फिनाईल नेहमीच्या लादीला, संडास-मोरीला ठीक आहे. या टणक विषाणूंवर त्याचा भरवसा धरू नये. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारं अँटिसेप्टिकही मुख्यतः जीवाणूंसाठी. ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, तेवढं यांना पुरून उरतं.

प्रमाण नीट घ्या. बाटलीवर 4 टक्के लिहिलं असेल तर 1 लिटर पाण्याला 25 मिली. उलटी किंवा शी सांडली असेल तर आधी जुन्या फडक्यानं उचलून टाकायची, जागा साबणानं धुवायची, आणि मग 1 लिटरला 100 मिली असं कडक पाणी. आधी धुणं चुकवू नका: घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणीतच खर्ची पडतं. लावल्यावर लगेच पुसायचं नाही, 5 ते 10 मिनिटं ओलं राहू द्यायचं. आम्ही फवारा मारून लगोलग कोरडं करायचो, त्यात काहीच होत नव्हतं. पाणी रोज ताजं करा, दुसऱ्या दिवशी त्याचा जोर उतरतो.

गावाकडे ही बाटली मिळत नसेल तर टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, चालते, तीच जी ग्रामपंचायत विहिरीत टाकते. ताजी असेल तर तिच्यात साधारण 33 टक्के क्लोरीन असतो, पण पिशवी उघडी राहिली, ओल लागली की तो उडून जातो. 1 लिटरला 4 ग्रॅम, म्हणजे साधारण सपाट चहाचा चमचा, ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी वापरायची. बाटलीपेक्षा स्वस्त आहे, पण जोर किती उरलाय याचा अंदाज येत नाही. शहरात असाल तर बाटलीच घ्या.

आणि हे जीव तोडून सांगते: ब्लीच संडास साफ करायच्या अ‍ॅसिडबरोबर कधीही मिसळू नका, एकामागून एक ओतूही नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला, आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ब्लीच भरून ठेवू नका. रांगणारं मूल घरात आहे.

सगळं घर रोज ब्लीचनं पुसायची गरज नाही. मुलाचा हात आणि तोंड जिथं जातं तेवढंच पाहा: दाराच्या कड्या, फ्लशचं बटण, नळ, रिमोट आणि मोबाइल (हे दोन ओलसर फडक्यानं, आधी बंद करून), जेवायची खुर्ची. प्लॅस्टिकची खेळणी ब्लीचच्या पाण्यात बुडवून नंतर स्वच्छ पाण्यानं खळखळून धुवायची, कारण ती परत तोंडात जाणार. वाट्या, चमचे, बाटलीची बुचं उकळत्या पाण्यातून काढली की पुरे. उकळणं हे विषाणू सोसत नाहीत. सावंतवाडीची लाखकाम केलेली लाकडी खेळणी मात्र ब्लीचनं खराब होतात. ती आम्ही साबणाच्या फडक्यानं पुसली, उन्हात ठेवली आणि घरातले सगळे बरे होईपर्यंत माळ्यावर टाकली. कापडी अस्वलं, दुपटी गरम पाण्यात.

घर की पाळणाघर, हा तिसरा प्रश्न. ताप असेपर्यंत आणि फोड सुकेपर्यंत मूल घरीच. पहिल्या आठवड्यात लागण सर्वांत जास्त होते. पण फोड गेले म्हणजे विषाणू गेला असं नाही, शीमधून तो कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. म्हणून मूल पुन्हा खेळायला लागलं तरी लंगोट बदलल्यावरचा साबण सोडायचा नाही. आम्ही नेमका तोच आठव्या दिवशी सोडला होता. पाळणाघर निवडताना मी आता लादीची चकाकी बघत नाही. ज्या ताई लंगोट बदलतात त्याच भरवतात का, आणि मध्ये बेसिनला जातात का, एवढं अर्धा तास बसून बघते. दोन कामांना दोन माणसं असतील तर ते पाळणाघर थोडं महाग असलं तरी घ्यावं.

जिथं पुसण्या-धुण्याचा जोर चालत नाही असे आजारही आहेत. गोवर हवेतून जातो, रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. 2022 मध्ये मुंबईत गोवंडीला तो पसरला तेव्हा प्रश्न लसीचा होता. नवव्या महिन्याचा डोस आणि सोळा ते चोवीस महिन्यांतला दुसरा, तिथं ब्लीच काही करू शकत नाही. रोटाचंही तसंच, हात धुऊनही तो गाठतो, म्हणून दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे थेंब सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात ते चुकवू नका. हॅन्ड-फूट-माउथला आपल्याकडे लस नाही, म्हणून इथं सगळा भार हातांवर.

आज खरेदीला निघालात तर साबणाच्या दोन वड्या, हायपोक्लोराइटची एक बाटली, हातमोजे आणि प्रत्येकाला एक पंचा. मूल पाणीही पीत नसेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, सारखं दचकत असेल किंवा सुस्त पडत असेल, तर आधी डॉक्टरांकडे. लादी नंतर.