घानातील एल्मिना किल्ल्याची मार्गदर्शकासोबतची फेरी

घानाच्या किनाऱ्यावर, केप कोस्टपासून जवळच असलेला एल्मिना किल्ला मार्गदर्शकासोबतच पाहावा, असे मी आवर्जून सांगेन. नुसत्या पांढऱ्या भिंती आणि समुद्र पाहून परतणाऱ्याला ही वास्तू कळणार नाही. पोर्तुगिजांनी हा किल्ला १४८२ मध्ये, म्हणजे गोवा जिंकण्याच्या २८ वर्षे आधी बांधायला घेतला, तो सोन्यासाठी. ‘मिना’ म्हणजे खाण. त्यांचा हेतू त्या नावातच आहे.

आमच्या मार्गदर्शकाने हा इतिहास घाई न करता उलगडला. अकान या स्थानिक लोकसमूहातील व्यापारी अंतर्भागातून सोने आणत आणि बदल्यात कापड व धातूच्या वस्तू नेत. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे, सुरुवातीला पोर्तुगीज आजच्या नायजेरियातील बेनिन राज्याकडून गुलाम आणून येथे सोन्याच्या मोबदल्यात विकत. डचांनी १६३७ मध्ये समोरच्या टेकडीवरून तोफा डागून किल्ला घेतला आणि पुढे येथून समुद्रापार जाणारा मुख्य माल माणसेच झाली.

स्त्रियांच्या कोठड्यांसमोरचे अंगण आणि त्यावरचा गव्हर्नरचा सज्जा मार्गदर्शकाने काही न बोलता दाखवला, आणि तेच योग्य होते. शेवटच्या कोठडीतली भिंतीतली फट इतकी अरुंद आहे की तिच्यातून एका वेळी एकच माणूस बाहेर पडू शकतो; तेथूनच बंदिवानांना होड्यांकडे नेत. वरच्या मजल्यावर डचांचे प्रार्थनागृह आहे आणि त्याच्या दारावर बायबलच्या १३२ व्या स्तोत्रातील, देवाच्या निवासस्थानाविषयीची ओळ कोरलेली आहे. खालच्या कोठड्या पाहून आल्यावर ती वाचणे जड जाते.

डचांनी १८७२ मध्ये किल्ला ब्रिटिशांच्या हवाली केला. ब्रिटिशांनी १८९६ मध्ये अशांती या अकान राज्याचा राजा पहिला प्रेम्पे याला पकडून येथे ठेवले आणि अखेरीस सेशेल्सला धाडले. तो परतला १९२४ मध्ये. सोने ज्यांच्या प्रदेशात होते, त्यांच्याच राजाची कोठडी सोन्यासाठी बांधलेल्या किल्ल्यात पाहायला मिळते, म्हणून ही खोली चुकवू नये.

राजधानी आक्राहून ज्या गाडीवाल्यामार्फत आम्ही आलो, त्याने येथे फक्त पाऊण तास राखून ठेवला होता. आम्ही हट्टाने दोन तास थांबलो. सकाळ पूर्ण मोकळी ठेवावी, आणि फेरी झाल्यावर समोरच्या सेंट जागोच्या टेकडीवर चढावे. तेथून किल्ला, खाडी आणि तीत दाटीने उभ्या असलेल्या मासेमारीच्या रंगीत होड्या एकत्र दिसतात.