वाचनालयाच्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट: रखडणं नेमकं कुठे होतं

आमच्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर जो डेस्कटॉप आहे, तो एका सभासदाने देणगी म्हणून दिलेला. इंटेलचा आय-३ २१२० प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. प्रोसेसर २०११ सालचा, म्हणजे इंटेलच्या दुसऱ्या पिढीतला. विंडोज ११ला आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे तो रस्ता बंद. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार हे जाहीर झालेलंच होतं. नवीन मशीनला पैसे नव्हते. म्हणून २०२५च्या फेब्रुवारीत मी त्यावर लिनक्स मिंट या फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २२.१ची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती टाकली. मिंटची ही मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला २०२९पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत. मधे सप्टेंबरमध्ये २२.२ आलं, तेही अपडेट मॅनेजरमधूनच चढवलं.

आज हे मशीन सकाळी वाचनालय उघडल्यापासून रात्री बंद होईपर्यंत चालतं आणि ग्रंथपाल ताईंची तक्रार नाही. पण मिंट टाकलं आणि कॉम्प्युटर पळायला लागला, असं मी कुणाला सांगणार नाही. पहिले काही आठवडे तो जवळजवळ आधीइतकाच रखडत होता. फरक पडला तो रखडण्याचं ठिकाण सापडत गेलं तेव्हा. आणि ते शोधायची साधनं या सिस्टिममध्ये फुकट, हाताशी आणि कुणालाही वाचता येतील अशी आहेत, हे मला तिचं सगळ्यात मोठं बलस्थान वाटतं.

रखडणं म्हणजे काय, ते ताईंनी फार नेमकं सांगितलं होतं. "दादा, मी पुस्तकाचं नाव टाइप करते आणि अक्षरं मागाहून उमटतात. मधेच पाच-दहा सेकंद काहीच होत नाही, मग एकदम सगळं येतं." यावर ओळखीच्यांकडून ठरलेले सल्ले आले: रॅम वाढवा, याहून हलकं डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) टाका, बोर्ड गेलाय. यातलं काहीही करण्याआधी मी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून कोण किती काम करतंय ते दाखवणारं 'टॉप' चालवलं आणि ताईंना नेहमीचं काम करायला सांगितलं.

'टॉप'च्या वरच्या भागात सीपीयूच्या वेळेची एक ओळ असते. तिच्यात 'यूएस' म्हणजे प्रोग्रॅमसाठी गेलेला वेळ, 'आयडी' म्हणजे रिकामा वेळ आणि 'डब्ल्यूए' म्हणजे डिस्ककडून माहिती यायची वाट बघण्यात गेलेला वेळ. लोक सहसा पहिला आकडा बघतात. आमच्याकडे स्क्रीन गोठली की 'यूएस' जेमतेम पाच-सहा टक्के असायचं आणि 'डब्ल्यूए' साठ-सत्तरच्या वर जायचं. म्हणजे प्रोसेसरला काम जड होत नव्हतं, तो डिस्कसाठी ताटकळत होता. इथे कितीही हलकं डिस्ट्रो टाकलं असतं तरी डिस्क तीच राहिली असती.

फिरत्या डिस्कचा हिशेब एकदा समजून घेण्यासारखा आहे. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय डोकं त्या पट्टीपर्यंत सरकायला आणखी काही मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेल्या फाइली वाचताना डिस्क सेकंदाला ऐंशी-शंभर मागण्याच पुऱ्या करू शकते. फायरफॉक्स किंवा लिब्रेऑफिस उघडताना हजारो बारक्या फाइली आणि तुकडे लागतात. निरोगी डिस्कही तिथे दमते. आमची तर निरोगीही नव्हती. 'स्मार्टमॉनटूल्स' टाकून डिस्कची तब्येत सांगणाऱ्या 'स्मार्टसीटीएल'चा अहवाल काढला, तर 'करंट पेंडिंग सेक्टर'समोर शून्य नव्हतं. डिस्कला काही जागा (सेक्टर) नीट वाचता येत नाहीत आणि ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आहे, असा त्याचा अर्थ. अशी डिस्क कुठल्याही सेटिंगने सुधारत नाही. त्या दिवशी आधी दाखल नोंदवही आणि सभासदांची यादी पेनड्राइव्हवर घेतली, मगच पुढचं.

दीड हजारांच्या आसपास २४० जीबीचा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क, घेतला. एच-६१ बोर्डावरचे साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायच्या जागा, ३ गिगाबिटचे असतात. त्यामुळे खोक्यावर लिहिलेला पाचशे एमबीच्या वरचा वेग इथे मिळत नाही, पावणेतीनशेच्या आसपास थांबतो. त्याने काही बिघडत नाही, कारण आमची अडचण सलग वाचनाच्या वेगाची नव्हतीच. विखुरलेल्या मागण्या एसएसडी सेकंदाला हजारोंनी पुऱ्या करतो. जुन्या मशीनमध्ये पैसे घालायचेच असतील तर माझ्या मते पहिला रुपया इथे. मशीन चालू केल्यापासून फायरफॉक्स वापरता येईपर्यंत चहा पिऊन व्हायचा, तो वेळ अर्ध्या मिनिटाच्या आसपास आला.

पुढची गोष्ट या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवून गेली. एसएसडी बसवल्यावर सगळं सुरळीत झालं, पण दिवसातून काही वेळा स्क्रीन अर्धा मिनिट पूर्ण गोठायची. माउसचा बाण हलायचा, बाकी काही नाही. बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याने न उघडताच सांगितलं, "साहेब, बोर्ड गेलाय, नवीनच घ्या." मी गोठणं संपल्या संपल्या 'डीमेसेज' बघायला लागलो. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आपल्या नोंदी तिथे लिहितं. दर वेळी तोच घोळका: 'एटीए१' नावाने सुरू होणाऱ्या ओळी, आधी 'फेल्ड कमांड', मग 'हार्ड रिसेटिंग लिंक', आणि एकदा तर 'लिमिटिंग साटा लिंक स्पीड'. म्हणजे कर्नल डिस्कला काही विचारतं, उत्तर धड येत नाही, ठरलेला वेळ वाट बघतं, मग जोडणीच नव्याने सुरू करतं, आणि फार झालं तर वेग उतरवून बघतं. अर्धं मिनिट जायचं ते या वाट बघण्यात.

यात दोष एसएसडीचाही असू शकतो, केबलचाही, पोर्टचाही. निवाडा करायला पुन्हा 'स्मार्टसीटीएल'. त्यात 'यूडीएमए सीआरसी एरर काउंट' नावाचा आकडा असतो, तो वाटेत बिघडलेल्या माहितीची मोजदाद ठेवतो. तो वाढत होता आणि खराब सेक्टरचे आकडे मात्र शून्य. म्हणजे डिस्क ठणठणीत, रस्ता खराब. साटा केबल जुनीच होती, तिची एका टोकाची पकड सैल झालेली, हात लावला की हलायची. शंभर रुपयांच्या आत खटक्याची नवी केबल आली आणि गोठणं थांबलं ते थांबलंच. लक्षात ठेवायची गोष्ट: तो आकडा केबल बदलल्यावर शून्य होत नाही, डिस्कच्या आयुष्यभर तसाच राहतो. तो पुढे वाढत नाही ना, एवढंच पाहायचं. आमचा तेव्हापासून जिथल्या तिथे आहे.

मशीन सुरू होताना दीड मिनिट लोगोवर थांबायचं, त्याचा उलगडा लवकर झाला. लोगो असताना एस्केप दाबलं की मागचा मजकूर दिसतो. तिथे एका डिस्कची वाट बघणारी ओळ आणि एक मिनिट तीस सेकंदांची उलटी मोजणी चालू होती. काढून टाकलेल्या जुन्या डिस्कची नोंद 'एफएसटॅब' फाइलीत, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत, राहिली होती. ती ओळ काढली, प्रश्न मिटला. बाहेरची डिस्क कायम जोडायची असेल तर तिच्या ओळीत 'नोफेल' लिहावं, म्हणजे ती नसताना मशीन अडून बसत नाही. सुरू होताना कुठल्या सेवेने किती वेळ घेतला ते 'सिस्टिमडी-अॅनलाइझ ब्लेम' ओळीने सांगतं. त्यातली नावं दिसतील तशी बंद करत सुटू नये, बरीचशी कामं एकाच वेळी चालतात आणि त्यांचा वेळ एकमेकांत मिसळलेला असतो.

रॅमबद्दल. 'फ्री -एच' चालवल्यावर 'फ्री'च्या खाली दीड-दोनशे एमबी दिसले की लोक घाबरतात. लिनक्स रिकामी रॅम कॅशला, म्हणजे वाचलेल्या फाइली हाताशी ठेवायला, वापरतं आणि प्रोग्रॅमने मागितली की सोडून देतं. बघायचा रकाना 'अव्हेलेबल'. आमच्याकडे नुसत्या नोंदी चालू असताना तिथे दोन जीबी असायचे, पण अभ्यासिकेतल्या मुलाने अर्ज भरायला ब्राउझर उघडला की तो आकडा तळाला जायचा. म्हणून जुन्या बाजारातून ४ जीबीची डीडीआर-३ स्टिक आणली. सोबत 'झेडरॅम-टूल्स' टाकलं. त्याने रॅममधलाच एक भाग दाबून ठेवलेल्या स्वॅपसाठी (रॅम कमी पडल्यावर वापरायची जादा जागा) वापरला जातो. इथे एक सल्ला सरसकट फिरतो: स्वॅपिनेस (स्वॅपकडे किती वळायचं तो आकडा) ६० वरून १० करा. फिरत्या डिस्कवर स्वॅप असेल तर त्यात तथ्य आहे. झेडरॅम असताना मात्र स्वॅप डिस्कपेक्षा कितीतरी जलद असतो, तिथे तो आकडा उतरवणं म्हणजे झेडरॅमलाच काम न देणं. मी तो वाढवून १०० केला.

आता लिब्रेऑफिस. आमची दाखल नोंदवही त्यातल्या कॅल्कमध्ये, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये, आहे, पुस्तकं अठरा हजारांच्या वर. सगळं हार्डवेअर नीट झाल्यावरही ताईंची एक तक्रार उरली: देवघेव चालू असताना कॅल्क ठरावीक अंतराने थांबतं. त्यांनीच घड्याळ लावून पाहिलं, दर दहा मिनिटांनी. हे कळल्यावर शोधायचं फारसं उरलं नाही. कॅल्क मूळच्या सेटिंगनुसार दर दहा मिनिटांनी ऑटोरिकव्हरीची, म्हणजे अचानक बंद पडलं तर काम परत मिळवायची, प्रत साठवतं. कॅल्कची ओडीएस फाइल म्हणजे एक्सएमएल या मजकूर-प्रकाराचा झिप केलेला गठ्ठा, त्यामुळे एक ओळ बदलली तरी पूर्ण फाइल नव्याने बांधून दाबावी लागते. या प्रोसेसरला त्यासाठी बारा-पंधरा सेकंद लागत होते आणि समोर सभासद पुस्तक हातात धरून उभा.

ऑटोरिकव्हरी बंद करणं सोपं होतं. मी केलं नाही, आमच्या भागात वीज सांगून जात नाही. त्याऐवजी फाइल हलकी केली. कुणीतरी पूर्वी सगळे रकाने निवडून किनारी आणि रंग दिले होते, ते कॅल्कच्या अगदी शेवटच्या म्हणजे १०,४८,५७६व्या ओळीपर्यंत गेलेले. नोंदींच्या खालचं सगळं स्वरूपण काढलं. प्रत्येक ओळीत पूर्ण रकाना धुंडाळणारं व्हीलुकअप सूत्र होतं, त्याला नेमकी मर्यादा दिली. आणि रोजची देवघेव दाखल नोंदवहीपासून वेगळ्या फाइलीत नेली. आता साठवणं दोनेक सेकंदांत होतं, ताईंना ते जाणवतही नाही. हा बदल विंडोजवरही इतकाच उपयोगी पडला असता.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरकडचा उन्हाळा लागला तशी दुपारची सुस्ती सुरू झाली. 'सेन्सर्स'मध्ये तापमान नव्वदीच्या घरात आणि 'डीमेसेज'मध्ये 'सीपीयू क्लॉक थ्रॉटल्ड', म्हणजे प्रोसेसर तापला म्हणून वेग कमी केला. पंख्याखालच्या हीटसिंकमध्ये धुळीचा नमदा बसला होता, थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. साफसफाई आणि नवी पेस्ट, तापमान चांगलं वीस अंशांनी उतरलं.

स्पर्धा परीक्षेची मुलं यूट्यूबवर व्याख्यानं बघतात, तेव्हा व्हिडिओ अडखळायचा. यूट्यूब बहुतेकदा व्हीपी९ किंवा एव्ही१ प्रकारात व्हिडिओ पाठवतं. या प्रोसेसरमध्ये एच.२६४ उलगडायची सोय आहे, त्या दोन्हींची नाही. 'एच२६४ईफाय' नावाचं एक्स्टेन्शन यूट्यूबकडून एच.२६४च मागवतं. ७२०पीला व्याख्यान आता न अडखळता चालतं.

मराठी टायपिंगसाठी मी वेगळा प्रोग्रॅम ठेवलेला नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा सुधारित इनस्क्रिप्ट लेआउट थेट मिळतो, मागे कायम चालणारी आणखी एक सेवा वाचते. ताईंना इनस्क्रिप्ट येत होतं म्हणून हे जमलं. फोनेटिकची सवय असेल तर तिथेच कागापा लेआउट आहे.

न सुटलेल्या गोष्टीही आहेत. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये केलेले आमचे जुने वार्षिक अहवाल ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, ते फक्त विंडोजवर चालतं. ते अजून कार्यवाहांच्या घरच्या लॅपटॉपवरच उघडावे लागतात. देणगीतल्या लेझर प्रिंटरला लिनक्सचा ड्रायव्हर त्याच्या कंपनीने दिलेला नाही, त्यामुळे पावत्या छापायला दुसरा प्रिंटर घ्यावा लागला. ज्यांचं रोजचं काम अशा एखाद्या सॉफ्टवेअरवर किंवा प्रिंटरवर अडलेलं आहे, त्यांनी मिंट पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न टाकता, चालवून आधी तेवढं तपासावं, डिस्कला हात लावण्याआधी.

अभ्यासिकेसाठी आणखी एक जुना डेस्कटॉप देणगीत आलाय. त्याचा 'स्मार्टसीटीएल' अहवाल कालच काढला: खराब सेक्टर नाहीत, सीआरसीचा आकडा शून्य, पण रॅम फक्त २ जीबी. मिंटला चालायला तेवढी किमान लागते, ब्राउझरसाठी ती अपुरी आहे. त्यामुळे याची सुरुवात रॅमपासून, आणि एसएसडीचे पैसे पुढच्या सभेत मागणार आहे.