गळ्यावरची गाठ दाखवायला गेलेलो, डॉक्टर एकदम मस्त, पार्किंग शून्य

पोरीच्या गळ्यावर बरोब्बर मधोमध बोराएवढी गाठ दिसायला लागली, दुखत नाही, ताप नाही, पण घरात सगळेच डॉक्टर झाले. सासूबाई म्हणे गालगुंड आहे, चुना लावा, शेजारच्या काकू म्हणे थायरॉईड. शेवटी नेहमीच्या डॉक्टरांनी गंगापूर रोडच्या ह्या क्लिनिकला पाठवलं, इथले सर लहान मुलांचे सर्जन आहेत.

सरांनी आधी गाठीला हातच लावला नाही. पोरीला पाण्याचा घोट गिळायला लावला, मग म्हणाले जीभ काढून वेडावून दाखव बरं मला, तिला काय तेच पाहिजे होतं! जीभ बाहेर आली की गाठ वर सरकायची, आम्हाला पण स्पष्ट दिसलं. थायरोग्लॉसल सिस्ट म्हणे. बाळ पोटात असताना थायरॉईडची ग्रंथी जिभेच्या मुळापासून खाली गळ्यात उतरते, ती वाट नंतर बुजली नाही तर तिथे पाणी साठतं. गालगुंड कानाखाली सुजतं, असं मध्ये नाही येत (सासूबाईंना घरी येऊन सांगितलं, पटलेलं नाहीये).

सोनोग्राफी मात्र करायला लावली, थायरॉईड जागेवर आहे ना ते बघायला, कारण क्वचित ती गाठ हीच पोराची एकुलती एक थायरॉईड निघते आणि ती काढली तर जन्मभर गोळ्या. टेस्ट का करायची ते असं आधी सांगतात, मला हेच सगळ्यात आवडलं. ऑपरेशन लागणारे. नुसती गाठ काढली तर परत येऊ शकते म्हणून गळ्यातल्या हायॉइड नावाच्या छोट्या हाडाचा मधला तुकडा पण काढतात, हे ऐकून आमचे हे पांढरेफटक, पण सरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. तोवर दाबायची नाही, लाल झाली किंवा दुखायला लागली तर लगेच यायचं.

भाच्याला मानेच्या बाजूला गाठी आहेत त्याचं पण विचारून घेतलं. घसा धरला, डोक्यात फोड झाले तरी त्या येतात आणि बऱ्याचदा काही आठवड्यांत बसतात, पण कडक असेल, वाढतच चालली असेल, कॉलरच्या हाडाच्या वर असेल किंवा पोराचं वजन उतरत असेल तर थांबायचं नाही.

एक स्टार कापला कारण अपॉइंटमेंट घेऊनही भरपूर बसवतात आणि गाडी लावायला जागाच नाही, रिक्षाने जा. आणि बाळाच्या जांघेत रडताना फुगतं आणि झोपलं की गायब होतं असं काही असेल तर फुगलेलं असतानाचा फोटो मोबाईलमध्ये काढून न्या, आमच्या आधीच्या बाईंचं बाळ तपासताना एकदम शांत झोपलेलं, फोटोवरूनच सरांना हर्नियाचा अंदाज आला.