ऑटोमॅटिक स्लाइड स्टेनर, आठ-नऊ महिने वापरून (घेण्याआधी पाण्याचं बघा)

परवा आमच्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या स्लाइड रंगवणाऱ्या मशीनने, म्हणजे स्टेनरने, स्लाइडनी भरलेला रॅक ॲसिड अल्कोहोलमध्ये बुडवला आणि तिथेच थांबलं. पडद्यावर लाल अक्षरांत ‘वॉटर फ्लो लो’, आणि टीं टीं चालू. म्हणून हे लिहायला बसले. मशीन काय करतं, किती स्टेशनं (रंग-द्रावणांच्या भांड्यांच्या जागा), किती प्रोग्रॅम हे ब्रोशरमध्ये सगळ्यांनी वाचलेलं असतं, ते पुन्हा लिहीत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही. या वर्गातली बहुतेक मशीनं सारखीच आहेत, आणि माझं भांडण एका जाळीशी आणि एका सॉफ्टवेअरशी आहे.

हॅरिस हेमॅटॉक्सिलिन (पेशींची केंद्रकं, म्हणजे न्यूक्लियस, रंगवणारा रंग) वापरणाऱ्यांना लगेच कळेल की हा थांबा किती वाईट जागी होता. आपण आधी मुद्दाम जास्त रंगवतो आणि मग एक टक्का ॲसिड अल्कोहोलमध्ये दोन-चार डिप देऊन जादा रंग काढतो. तिथे सगळा सेकंदांचा हिशेब. लगेच वाहत्या पाण्यात गेलं पाहिजे, नाहीतर जादाबरोबर हवा असलेला रंगही निघून जातो. मशीनला पुढच्या स्टेशनला पाणी नाही हे कळलं, इथपर्यंत शहाणपणा. पण ते कळलं कधी, तर रॅक ॲसिडमध्ये बुडवून झाल्यावर! आधी पाणी आहे का ते बघ, मग बुडव, एवढं साधं त्याला कुणी शिकवलेलं नाही. मी ग्रॉसिंगला (आलेल्या नमुन्यांचे तुकडे कापायला) होते, हातमोजे काढून येईपर्यंत व्हायचं ते झालं. आमचे पॅथॉलॉजिस्ट सर मायक्रोस्कोपवरून मान वर करून म्हणाले, ‘न्यूक्लियस कुठं गेले?’

नुकसान तसं काही नाही. स्लाइड पाण्यात घेऊन पुन्हा हेमॅटॉक्सिलिनमध्ये टाकल्या, हाताने, जुन्या ट्रफमध्ये (रंगाच्या भांड्यात), आणि रिपोर्ट संध्याकाळी गेले. पण त्यात तोंडाच्या बायोप्सी होत्या. आमच्याकडे त्या रोजच्याच. मिश्री, तंबाखू, मावा, दुसरं काय. आधीच घाबरलेल्या नातेवाइकांना ‘अजून थोडं थांबा’ सांगायला मशीन येत नाही, मला जावं लागतं.

इंजिनिअरला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, मशीन बरोबरच वागलं. पाणी तुमच्या साइडचं.’

तुमच्या साइडचं! इथे सोलापूरचं पाणी आलं. उजनीचं पाणी नळाला चार-पाच दिवसांआड येतं, तेव्हा हौद भरायचा, हौदातून टाकी, आणि उरलेले दिवस बोअर. मशीनच्या पुस्तकात लिहिलंय की इनलेटला किमान एक बार दाब हवा. एक बार म्हणजे टाकी दहा मीटर वर हवी, जवळजवळ तीन मजले. आमची लॅब एकमजली, टाकी गच्चीवर, नळापासून जेमतेम चार मीटर उंच. विकताना आलेल्या साहेबांनी लॅबचा दरवाजा मोजला, टेबल मोजलं, प्लग पॉइंट बघितला, अर्थिंगसुद्धा तपासलं. टाकीकडे मान वर करून बघितलं नाही. तुम्ही घेणार असाल तर त्यांना आधी गच्चीवर न्या, चहा नंतर पाजा.

पहिल्या दोन महिन्यांत हा त्रास अजिबात नव्हता, म्हणून तेव्हा कुणी विचारलं तर मी डोळे मिटून ‘घ्या’ म्हणत होते. ते मत पूर्ण बदललेलं नाही. हाताने रंगवताना सोमवारचा ईओसिन (दुसरा, गुलाबी रंग) वेगळा, शनिवारचा वेगळा, आणि कोण डिप करतंय त्यावर तिसराच. मशीन सगळ्या रॅकला सारखं वागवतं. केराटिन पर्ल (तोंडाच्या गाठीत दिसणारे केराटिनचे गोळे) असे लख्ख गुलाबी येतात की सर सुरुवातीला लो पॉवरवरच खुश होते. झायलीनमध्ये मेण काढणं, उतरत्या अल्कोहोलमधून पाण्यापर्यंत येणं, रंगवून परत चढत्या अल्कोहोलमधून झायलीनमध्ये जाऊन क्लिअर होणं, हा सगळा प्रवास ते एकटं करतं आणि आपण कव्हरस्लिप (वरची पातळ काच) आणि ती चिकटवायचं डीपीएक्स घेऊन टोकाला उभं राहायचं. पूर्वी त्या तासभरात मी झायलीनच्या वासात उभी असायचे. आता डोकं दुखत नाही, हे पैशात मोजता येत नाही. (मालकांना मात्र मोजून दाखवावं लागलं.)

तर जाळी. इनलेटच्या तोंडाशी करंगळीच्या पेराएवढी बारीक जाळी असते, तिच्या मागे सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडझाप होणारी पाण्याची झडप. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरी कड धरते. तिसऱ्या महिन्यापासून धार बारीक व्हायला लागली, मग अधूनमधून अलार्म. इंजिनिअर पुण्याहून येणार. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी आपल्याला पुण्याला नेते आणि रात्री परत आणते, म्हणजे गाडी आपल्या सोयीची, त्याच्या नाही. तो दुपारी बसने येऊन टेकला, पॅनेल उघडलं, फोटो काढले आणि गेला. नंतर मेलवर कोटेशन: पूर्ण वॉटर मॉड्यूल बदला. आकडा वाचून मालकांनी चष्मा काढून पुसला. वॉरंटी चालू होती, पण क्षार वॉरंटीत बसत नाही, असं खाली बारीक अक्षरांत.

मी मॉड्यूल घेतलं नाही. गल्लीतल्या आरओ दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने पाण्याचा कॉक बंद करून, प्लग काढून जाळी बाहेर काढली. चहाच्या गाळणीत साय अडकावी तसा पांढरा थर तिच्यावर बसला होता. कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून भिजत ठेवली, व्हॉल्व्हचा पडदाही धुतला, परत बसवला. धार पहिल्या दिवसासारखी! किराणा दुकानातल्या लिंबूसत्वाच्या पुडीने जे झालं त्यासाठी कंपनी आख्खं मॉड्यूल विकत होती. वॉरंटीचं सील तुटेल अशी भीती होती, पण ही जाळी बाहेरच्या बाजूला आहे, सीलला हात लागत नाही. पॅनेल मात्र स्वतः उघडू नका. आत वीज आणि वर झायलीनची वाफ, ही जोडी बरी नाही.

इंजिनिअरचा दुसरा सल्ला होता, ‘बोअर बंद करा, आरओचं पाणी जोडा.’ ऐकायला बरोबर वाटतं, म्हणून तेही केलं. क्षार थांबला, आणि स्लाइडवर केंद्रकं निळी व्हायचीच थांबली! जांभळट-तांबडी राहू लागली. हेमॅटॉक्सिलिन आम्लात तांबूस असतं आणि किंचित अल्कलाइन पाण्यात गेलं की निळं होतं, ब्लूइंग म्हणतो ते हेच. आरओने क्षार काढताना बायकार्बोनेटही काढून टाकलेलं असतं, मग निळं कोण करणार? मग स्कॉट्स टॅप वॉटर बनवायचं: लिटरमागे मॅग्नेशियम सल्फेट २० ग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट साडेतीन ग्रॅम. म्हणजे आधी पैसे देऊन पाण्यातून क्षार काढायचे आणि मग पैसे देऊन परत घालायचे. मला हे पटलं नाही.

आमच्याकडे मदतीला मामा आहेत, सोलापूरच्या पूर्व भागातले, म्हणजे विणकरांच्या वस्तीतले, घरात टॉवेलच्या रंगाईचं काम बघितलेले. हेमॅटॉक्सिलिन मेक्सिकोकडच्या लॉगवुड झाडाच्या गाभ्यातून येतं आणि तुरटीच्या जातीचा क्षार असल्याशिवाय केंद्रकाला धरत नाही, असं मी नव्या मुलीला समजावत होते. मामा तिकडून म्हणाले, ‘हे आमच्यातलंच की ओ. तुरटी नाही तर रंग धरत नाय. आन् पाणी बदललं की शेड बदलतो.’ इंजिनिअरपेक्षा हे बरं कळलं. त्याच दिवशी वॉश स्टेशनला बोअर परत जोडलं. दोन-तीन मिनिटांत केंद्रकं अशी निळी की सर काही बोललेच नाहीत, म्हणजे आवडलं. ज्या पाण्याला मी सहा महिने शिव्या दिल्या तेच ब्लूइंगला नंबर एक निघालं. आरओचं पाणी आता फक्त रंग बनवायला.

तरीही परवाचा थांबा आलाच, कारण जाळी स्वच्छ होती पण टाकी तळाला गेली होती, दाबच नव्हता. आता मशीनसाठी वेगळी छोटी टाकी आणि तिला अर्ध्या एचपीचा प्रेशर पंप लावलाय. इनलेटच्या आधी पारदर्शक फिल्टर आहे, आत गाळ दिसला की कळतं. जाळी मामा दर शनिवारी लिंबूसत्वात टाकतात. आणि प्रोग्रॅममध्ये मी एक चोरवाट काढली: सुरुवातीला, सेक्शन (स्लाइडवरचे पातळ काप) पाण्यापर्यंत आल्यावर, हेमॅटॉक्सिलिनच्या आधी वाहत्या पाण्याचं स्टेशन टाकलं. पाणी नसेल तर मशीन तिथेच अडतं, रॅक अल्कोहोलमध्ये निवांत बसतो, काही बिघडत नाही. पुढच्या काही मिनिटांत पाणी गेलं तर ही युक्ती उपयोगाची नाही, पण मधे पाणी जायची वेळ टाकी-पंपामुळे येत नाही.

बाकीचं थोडक्यात. उन्हाळ्यात झायलीन डोळ्यांदेखत उडतं. त्याचा फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) २५ ते ३० अंशांच्या आसपास आणि आमचा मे चाळिशीच्या वर, तेव्हा एसी ही चैन नाही, आणि इन्व्हर्टर त्याच खोलीत ठेवू नका. झायलीनची वाफ शोषणारा कार्बन फिल्टर महाग आहे आणि कंपनीच्या वेळापत्रकाआधीच वास यायला लागतो. आम्ही पाइप खिडकीबाहेर काढला. रिएजंट बदला असा संदेश आला की सगळं ओतून देऊ नका. मेणाचं पहिलं झायलीन टाकायचं, दुसरं पुढे सरकवायचं, ताजं शेवटी. झायलीन दुधाळ दिसलं तर मात्र अल्कोहोलमधून पाणी आलंय, तिथे काटकसर नको. लाइट गेली की यूपीएसवर चालू रॅक पूर्ण होतो. ओव्हनचं स्टेशन तेवढं बंद ठेवायचं, तेच वीज खातं.

घ्यावं का? रोज पन्नासएक स्लाइड असतील तर घ्या. वीसेक असतील तर ट्रफ बरे.

वॉरंटी संपत आलीय, एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) कोटेशन आलंय. त्यात ‘वॉटर मॉड्यूल वगळून’ असं छापलंय. ती ओळ पेनाने खोडून, शिक्का मारून, ‘ॲसिडच्या आधी पाणी तपासणारं सॉफ्टवेअर द्या’ असं खाली लिहून परत पाठवलंय. उत्तर आलं की इथेच लिहीन.