प्रोजेक्टर चांगला, वायर आखूड

नवी पेठेतल्या एका दुकानातून रात्रीपुरता प्रोजेक्टर भाड्याने घेतला. ९०० रुपये, डिपॉझिट वेगळं. निमित्त होतं दिग्दर्शिका पायल कपाडियांचा सिनेमा, 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'. २०२४ला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री मिळवलेला, म्हणजे तिथल्या सर्वोच्च पुरस्काराच्या, पाम द'ओरच्या, खालोखालचा मान. मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा तब्बल ३० वर्षांनी पोचला होता. फ्रान्समध्ये तो महाराष्ट्राच्या आधी लागला. आपल्याकडे नोव्हेंबरात आला तेव्हा मी पेपर तपासत बसलेले. उरला ओटीटी.

गच्चीवर चादर ताणून बांधली आणि बघते तर लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडायची एचडीएमआय वायर जेमतेम दीड हात! फोन केला तर दुकानदार म्हणतो, "मॅडम, लांब पाहिजे तर आधी सांगावं लागतंय की." आता मला काय स्वप्न पडणार होतं? शेवटी स्टुलावर लॅपटॉप, आणि स्टूल पाण्याच्या टाकीला टेकवलेलं.

चित्र मात्र झकास. पावसाळी मुंबईचा तो निळसर उजेड आमच्या जुन्या चादरीवरसुद्धा उतरला. मल्याळम संवादांची इंग्रजी सबटायटल्स खालच्या चुणीत जात होती, म्हणून मी मोठ्याने मराठीत सांगत राहिले. छाया कदमची पार्वती रत्नागिरीकडे निघाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हिचं नको सांगू, हिचं कळतंय मला."

आवाज बारीक, स्पीकर स्वतःचा न्या. वायरही. डिपॉझिट सकाळी पूर्ण परत मिळालं.